धाकट्याचं ट्रान्सप्लांट, थोरलीचं करिअर

प्रश्न : माझ्या मुलाला थॅलेसेमिया (सतत रक्त चढवावं लागणारा जन्मजात रक्ताचा आजार) होता. मोठ्या बहिणीशी एचएलए (मॅरो जुळतो का हे ठरवणारा पेशींचा प्रकार) जुळला आणि तिच्याच बोन मॅरोवर त्याचं ट्रान्सप्लांट झालं. तिसऱ्या आठवड्यात पोट फुगलं, वजन वाढलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टर ‘व्हीओडी’ (यकृतातल्या रक्तवाहिन्या तुंबणं) म्हणाले. देवाच्या कृपेने तो त्यातून उठला. मुलगी आता बारावी सायन्सला आहे आणि ‘मला ह्याच आजारावर काम करायचंय’ असा हट्ट धरून बसली आहे. एक खासगी संस्था स्टेम सेल विषयातली पदवी सुचवते. फी भरमसाट आहे. घ्यावी का? — एक पालक, सांगली

उत्तर : फी भरायच्या आधी विचारलंत, बरं केलंत. पदवीच्या नावात ‘स्टेम सेल’ आहे म्हणून ट्रान्सप्लांट युनिटचं दार उघडत नाही. त्या पदवीवर पेशंटला औषध देता येणार नाही आणि संशोधनात जायचं तर साध्या बी.एस्सी.नेही जाता येतं. मागच्या बॅचची मुलं आज कुठे कामाला आहेत, एवढंच संस्थेला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर विषय संपला.

आता मुलीच्या हट्टाकडे वळू. व्हीओडीमध्ये नेमकं काय होतं, हे तिने समजून घेतलंय का? ट्रान्सप्लांटच्या आधी जी जबर केमोथेरपी देतात, विशेषतः बुसल्फानसारखी औषधं, तिने यकृतातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. त्या तुंबतात, यकृत सुजतं, पोटात पाणी साचतं. थॅलेसेमियाच्या मुलांत वर्षानुवर्षं रक्त चढवल्यामुळे यकृतात लोह साठलेलं असतं, त्यामुळे धोका आणखी वाढतो. त्यावर डिफायब्रोटाइड हे औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हायला हवं.

आणि ही वेळ बहुतेकदा पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येते? नर्सच्या. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन, बेंबीच्या पातळीवर पेनाने केलेल्या खुणेवरून टेप फिरवून पोटाचा घेर, आत किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली याचा तक्ता. कावीळ दिसायच्या आधी ह्या आकड्यांत फरक पडू लागतो. तुमच्या मुलाच्या बाबतीतही कोणीतरी हा तक्ता भरत होतं. म्हणून बी.एस्सी. नर्सिंग आणि पुढे ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) नर्सिंग ही वाट ‘एमबीबीएस नाही जमलं तर’ अशी खालच्या पायरीवर ठेवू नका. आपल्याकडे ती सवय आहे, आणि मला ती पटत नाही.

डॉक्टरच व्हायचं असेल तर हिशोब स्पष्ट आहे. ‘नीट’ परीक्षा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग मेडिसिन किंवा पेडियाट्रिक्समध्ये तीन वर्षं एमडी, त्यावर तीन वर्षं डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी (रक्ताच्या आजारांचे उपचार). कुठेही न अडकता तिशी येते. शिवाय सरकारी कॉलेजचा बाँड. तिचा ओढा मायक्रोस्कोपकडे असेल तर पॅथॉलॉजीत एमडी करून हिमॅटोपॅथॉलॉजी (लॅबमध्ये रक्ताच्या आजारांचं निदान). ट्रान्सप्लांटनंतरचा टीएमए नावाचा दुसरा रक्तवाहिन्यांचाच त्रास तिथे स्लाइडवर दिसतो. बारीक वाहिन्यांत अडकून फाटलेल्या, हेल्मेटसारख्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या की रिपोर्ट लिहिणाऱ्याने लगेच वॉर्डला फोन करायचा असतो. आणि ‘हे होतंच का’ हा प्रश्न तिला छळत असेल तर आयसर पुणे ही विज्ञान संस्था किंवा चांगल्या कॉलेजची बी.एस्सी., मग पीएच.डी. पुण्याचं एनसीसीएस (पेशींवरचं संशोधन), परळला केईएमच्या आवारातली एनआयआयएच (रक्ताच्या आजारांवरचं संशोधन) आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) ही त्यासाठीची ठिकाणं आहेत. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 साली टाटा मेमोरियलमध्ये झालं, म्हणजे हे क्षेत्र आपल्याकडेही काल-परवाचं नाही.

एक गोष्ट जरा स्पष्टच सांगतो. भावाला मॅरो दिलेल्या मुलीवर घरात नकळत ‘तू वाचवलंस’चं ओझं बसतं. कदाचित तिला ह्या विषयाची ओढ असेल, कदाचित त्या वॉर्डमधली भीती अजून गेली नसेल. दोन्ही दिसायला सारखंच दिसतं. तिला विचारा : भाऊ बरा झाला नसता, तरी त्या वॉर्डात रोज कामाला जाशील का? ती गप्प झाली तर उत्तरासाठी मागे लागू नका. ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये बहुधा काउन्सेलर असतात, फॉलोअपला जाल तेव्हा तिलाही त्यांच्याशी बोलू द्या.

सध्या नीटसोबत राज्याच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीचा आणि आयसरच्या परीक्षेचाही फॉर्म भरून ठेवा. निवड निकालानंतर, आणि ती तिने करायची.