चांदीचं नंतर, आधी ते पाकीट उघडा

प्रश्न: मी 61 वर्षांची, नौपाड्यात राहते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ऑफिसात 34 वर्षं काम करून गेल्या वर्षी निवृत्त झाले. मिस्टर नाहीत. मुलगा पुण्याला असतो, त्याच्याकडे मागायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 33 लाख आले. पेन्शन 3,200 रुपये. घर स्वतःचं आहे, महिन्याला 24 हजार लागतात. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला. महागाई बघून पोटात गोळा येतो, म्हणून 8 लाखांची चांदी घेऊन ठेवावी म्हणते. सोलरमुळे पाच वर्षांत तिप्पट होईल असं सगळे सांगतात. की सोनं घेऊ? घरात 14 तोळे आहे, त्यातले 5 तोळ्यांचे तोडे कोणी घालत नाही, सुनेलाही नकोत. 22 लाख एफडीत राहतील. बाकीचे 3 लाख बँकेतल्या मुलाने एका गॅरंटीड योजनेत ठेवून दिलेत, त्यावर दरवर्षी 15 टक्के मिळणार आहेत. कंपनीकडून फोन येईल, सगळ्याला 'हो' म्हणा, असं त्याने सांगितलंय. त्याचे कागद परवाच कुरिअरने आले, फोटो सोबत पाठवते.

उत्तर: ताई, चांदीचा निर्णय महिनाभराने घेतलात तरी काही बिघडत नाही. त्या कुरिअरने आलेल्या कागदांचं तसं नाही. म्हणून तुमची मेल आली त्याच संध्याकाळी मी तुम्हाला थोडक्यात कळवलं. इथे सविस्तर लिहितो, कारण हेच कागद ठाण्यातल्या आणखी कितीतरी कपाटांत पडून असतील.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्या पानावर 'गॅरंटीड' या शब्दाभोवती पेनाने दोनदा गोल केलाय. त्याच पानावर, तुमचा अंगठा आलाय त्याच्या जरा वर, बारीक अक्षरांतल्या तीन ओळी आहेत. हप्ता 3,00,000 रुपये, वार्षिक. हप्ते भरण्याची मुदत 7 वर्षं. पॉलिसीची मुदत 20 वर्षं. ही ठेव नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. तुम्ही 3 लाख ठेवलेले नाहीत, 21 लाख भरायचं कबूल केलंय. पुढचा हप्ता बरोबर एका वर्षाने आहे.

आता ते 15 टक्के. तिसऱ्या फोटोतल्या तक्त्यात नवव्या वर्षाच्या अखेरीपासून विसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी 3,15,000 रुपये दाखवलेत. 21 लाखांवर 3 लाख 15 हजार म्हणजे 15 टक्के, असा हिशेब त्या मुलाने तुमच्यापुढे मांडला असणार. पण 9 वर्षं तुमचे पैसे बिनव्याजी पडून राहतात, ते या हिशेबात कुठे आहे? आणि विसाव्या वर्षानंतर तुमचे 21 लाख परत मिळत नाहीत, त्या 3,15,000 मध्येच तुमचंच मुद्दल तुम्हाला थोडं थोडं परत मिळत असतं. भरलेले सगळे हप्ते आणि मिळणारे सगळे पैसे वर्षवार मांडले की परतावा निघतो सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. ज्येष्ठ नागरिकांची साधी एफडी यापेक्षा जास्त देते. शिवाय पहिला रुपया हातात येईल तेव्हा तुम्ही सत्तरीच्या असाल.

आणि विमा कशासाठी? कमावत्या माणसामागे कोणी अवलंबून असेल तर आयुर्विमा लागतो. तुमच्यावर आज कोणी अवलंबून नाही. एफडी मोडायला किंवा नवी करायला आलेल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला समोर बसवून, चहा पाजून, सात वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी 'योजना' म्हणून गळ्यात मारणं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही, संताप मात्र दर वेळी तेवढाच येतो. कंपनीकडून फोन येईल, सगळ्याला 'हो' म्हणा, असंही त्याने तुम्हाला सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. तो फोन गैरसमज पकडण्यासाठीच असतो. 'हो' म्हणायला शिकवणाऱ्याला आपण काय विकतोय ते पक्कं ठाऊक असतं.

ही पॉलिसी चालू ठेवली तर काय होईल? 33 लाखांतून पहिला हप्ता 3 लाख गेला, 8 लाखांची चांदी आली, 22 लाख एफडीत राहिले. पेन्शन धरून महिन्याला साधारण 21 हजार कमी पडतात, म्हणजे वर्षाला अडीच लाख. पुढच्या वर्षापासून त्यात हप्त्याचे 3 लाख धरा. वर्षाला साडेपाच लाख बाहेर आणि व्याजाचे आत येणार सुरुवातीला दीड, मग एक, मग त्याहून कमी. पाच हप्ते कसेबसे जातील. सहाव्या वेळी एफडीत दोन लाखसुद्धा नसतील. हा हिशेब मी महागाई शून्य धरून केलाय, ताई. ज्या महागाईला तुम्ही घाबरताय ती आलीच नाही, तरी 66 व्या वर्षी हात रिकामे.

मग एकच वस्तू विकायला उरेल, चांदी. आणि ती त्या दिवशी असेल त्या भावाला विकावी लागेल. म्हणून तुमचे दोन प्रश्न वेगळे नाहीत. सोनं असो की चांदी, ज्याला थांबता येतं त्यालाच ती साथ देते. अडलेल्या माणसाला भाव ठरवता येत नाही.

त्यामुळे हे उद्याच करा. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. विमा नियामकाने 2024 मध्ये ही मुदत सगळ्या आयुर्विमा पॉलिसींना 30 दिवसांची केली, आधी ती बहुतेक वेळा 15 च होती. इंग्रजीत याला फ्री लूक म्हणतात आणि कागदांच्या पहिल्या दोन-तीन पानांतच ते छापलेलं असतं. फक्त ईमेल तपासा. पॉलिसी आधी ईमेलवर आली असेल तर 30 दिवस तिथूनच मोजले जातात, कुरिअरच्या तारखेवर विसंबू नका. एका पानाचा अर्ज लिहा: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, 'मला मुदत ठेव सांगून ही पॉलिसी देण्यात आली, दरवर्षी हप्ता भरायचा आहे हे सांगितलं नाही, म्हणून रद्द करून पैसे परत करावेत' असं कारण, सही. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. हा अर्ज बँकेतल्या त्या मुलाच्या हातात देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवरही पाठवा. स्टँप ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि इतक्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते.

तो मुलगा घरी येईल. 'काकू, एक वर्ष थांबा, मग काढून देतो', 'माझी नोकरी जाईल' असंही म्हणेल. वर्षभराने पॉलिसी मोडलीत तर हातात येणारी रक्कम 3 लाखांपेक्षा बरीच कमी असेल. त्याला चहा द्या, अर्ज मागे घेऊ नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि त्यानंतर विमा लोकपाल आहेत. तिथे वकील लागत नाही.

आता चांदी. 2025 च्या सुरुवातीला किलोला 90 हजारांच्या आसपास असलेली चांदी वर्षअखेर दोन लाखांवर गेली. हे पाहूनच सगळे तिप्पटच्या गोष्टी करतायत. चढलेल्या भावाकडे बघून पुढचा भाव सांगणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. 2011 च्या एप्रिलमध्येही चांदी 70 हजारांवर होती आणि तेव्हाही हेच बोललं जात होतं. मे उजाडला आणि एका आठवड्यात जागतिक भाव चौथ्या हिश्श्याहून जास्त पडला. 2015 संपताना आपल्याकडे किलोचा भाव निम्म्याहून खाली होता. 2011 चा भाव पुन्हा दिसायला 2020 उजाडलं. नऊ वर्षं! तेवढ्या काळात दूध, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स कुठल्या कुठे गेला.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्याच तेजीत दोन किलोची वीट घेतली होती. 2016 मध्ये बायकोच्या ऑपरेशनसाठी ती विकायला मी त्यांच्यासोबत जांभळी नाक्यावर गेलो होतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कडा काळ्या पडलेली. काउंटरवरच्या माणसाने तिला कानस मारली, कसाला लावली, वजन केलं आणि बाजारभावातून घट धरून आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पैसे मोजून घेतले.

सोलरचं म्हणाल तर ते खरं आहे, सोलर पॅनेलमध्ये चांदी लागते आणि चांदीची निम्म्याहून अधिक मागणी कारखान्यांतून येते. पण म्हणूनच कारखाने मंदावले की ती घसरते. महागाईसोबत चांगल्या-वाईट काळात सारखी चालणारी वस्तू ती नाही. वर 8 लाखांच्या खरेदीत 3 टक्के जीएसटी म्हणजे 23-24 हजार रुपये पहिल्याच दिवशी जातात, विकताना घट वेगळी.

सोनं तिच्यापेक्षा शांत आहे, पण त्याच्याकडूनही चुकीची अपेक्षा नको. 1980 च्या जानेवारीत जगात सोनं औंसाला 850 डॉलरवर गेलं होतं आणि तो भाव पुन्हा यायला 2008 चा जानेवारी लागला. अमेरिकेतल्या माणसाला 28 वर्षं सोन्याने महागाईपासून काहीच वाचवलं नाही. आपल्याकडे मात्र त्याच काळात दहा ग्रॅमचा भाव हजार-तेराशेवरून बारा हजारांच्या आसपास आला, कारण डॉलर 8 रुपयांवरून 40 वर गेला होता. सोनं आपण बाहेरून आणतो, म्हणून इथे ते मुख्यतः रुपयाच्या घसरणीपासून वाचवतं. तेही दरवर्षी नाही. 2012 च्या अखेरीस 31 हजारांच्या घरात असलेलं सोनं 2018 च्या अखेरीसही साधारण तिथेच होतं आणि त्या सहा वर्षांत महागाई तिसऱ्या हिश्श्याने वाढली.

म्हणून माणसाच्या एकूण पैशात दहा-पंधरा टक्के सोनं असावं, असं मी सांगतो. तुमच्याकडे आज किती आहे? 14 तोळे. तोळ्याला लाख रुपये एवढाच भाव धरला तरी 14 लाख. 33 आणि 14 मिळून 47 लाखांत सोनं 30 टक्के झालं. तुम्ही विचारलेलं संरक्षण लॉकरमध्ये आधीच आहे, ताई, हवं त्याच्या दुप्पट. आणखी सोनं नको, चांदी नको, मोबाईलवर एका बोटाने मिळणारं डिजिटल गोल्ड तर नकोच, ते आपल्या देखरेखीखाली येत नाही असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2025 च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट सांगितलंय.

33 लाख पुन्हा एकत्र आले की त्यातले 26 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, पोस्टात किंवा बँकेत. सध्या दर 8.2 टक्के आहे, तो पाच वर्षांसाठी तुमच्यापुरता कायम होतो आणि दर तिमाहीला 53 हजार खात्यात येतात. महिन्याला साडेसतरा हजारांवर, पेन्शन धरून 21 हजार. तीन लाख एफडीत, अडीअडचणीला. चार लाख चांगल्या हायब्रिड (शेअर आणि रोखे मिळून) किंवा इंडेक्स (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या) म्युच्युअल फंडात, सात-आठ वर्षं न बघता, कारण योजनेचं व्याज वाढत नाही आणि खर्च वाढणार आहे.

आरोग्य विमा ताबडतोब घ्या. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेलाय. आधीचे आजार लपवू नका, त्यांच्यासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, म्हणून सुरुवात लवकर झालेली बरी. वयाच्या सत्तरीला आयुष्मान भारतचं 5 लाखांचं वय वंदना कार्डही मिळेल, उत्पन्नाची अट नाही. एकट्या माणसाची महागाई भाजीपेक्षा हॉस्पिटलातच जास्त असते.

हा विमा वर्षाला 30 हजारांचा धरला तर तो आणि खर्चातली तूट मिळून महिन्याला पाच-साडेपाच हजार कमी पडतील. वर्षाला 65-66 हजार. तुम्ही लिहिलंय, मुलाकडे मागायची वेळ येऊ नये. ते कोणी न घालणारे 5 तोळ्यांचे तोडे आहेत ना? घट जाऊनही त्यांतून सात वर्षांची तूट निघते. मंगळसूत्राला, पाटल्यांना हात लावायची गरज नाही. आपल्याकडे सोनं विकणं म्हणजे घर बुडणं, असं समजतात. मला ते पटत नाही. जे कधीच विकायचं नाही ते महागाईपासून कुणाला कसं वाचवणार? तुम्ही 34 वर्षं नोकरी करून जे जोडलं ते तुमच्याच औषधपाण्याला लागलं तर त्यात कमीपणा कसला?

विकताना एकदम विकू नका. दोन तोडे असतील तर एक आधी. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, वजन आणि कस तुमच्यासमोर होऊ द्या, पैसे खात्यात घ्या. पण ही घाईची गोष्ट नाही.

घाई त्या अर्जाची आहे. शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला पाठवा. तोपर्यंत तोडे लॉकरमध्येच राहू द्या.