लिफ्टपासून फाटकापर्यंत

प्रश्न : मी नाशिकला राहतो. वय ५४, नोकरी बँकेत. गेले सव्वा वर्ष मी अद्वैताचा, म्हणजे पाहणारा आणि पाहिलेले हे दोन नाहीत या जाणिवेचा, सराव करतो आहे. तासन्‌तास ध्यानाला बसणे जमत नाही, म्हणून दिवसातून अनेकदा अर्धा-एक मिनिट थांबून ‘हे कोण पाहते आहे?’ असे स्वतःला विचारतो. सकाळी चहा घेताना, लिफ्टमध्ये, सिग्नलला गाडी थांबली की, बँकेत संगणक सुरू होईपर्यंत आणि रात्री दिवा मालवल्यावर. मन पुष्कळ शांत झाले आहे. अडचण घरात आहे. पत्नी म्हणते, तुम्ही दगड झाला आहात. मुलगी पूर्वी माझ्याशी भरभरून बोलायची, आता सगळे आईलाच सांगते. परवा पार्किंगमधली स्कूटर विकण्याचा विषय निघाला (ती माझ्या धाकट्या भावाची; तो आमच्याकडेच राहायचा, त्याला जाऊन दीड वर्ष झाले). तेव्हाही मी नेहमीप्रमाणे साक्षीभावात, म्हणजे अलिप्तपणे नुसते पाहत राहण्यात, गेलो, तर पत्नी भरल्या ताटावरून उठून गेली. ही अलिप्तता म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे तिला कसे समजावून सांगावे?

उत्तर : पत्नीला काहीही समजावून सांगू नका. घरातल्या तक्रारींबद्दल तुम्ही सविस्तर लिहिले आहे, पण त्यांच्याविषयी मी आधी काही बोलणार नाही, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे आणि मला उत्तर त्या कंसालाच द्यायचे आहे.

भावाला जाऊन दीड वर्ष झाले आणि सरावाला सव्वा वर्ष. म्हणजे तो गेल्यावर अवघ्या तीन महिन्यांत तुम्ही ‘हे कोण पाहते आहे?’ असे विचारू लागलात. या दोन तारखा तुम्ही एकाच पत्रात लिहिल्या आहेत, तरी त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिलेल्या दिसत नाहीत. आता तुमच्या सरावाच्या जागा पुन्हा वाचा. चहा, लिफ्ट, आणि त्यानंतर एकदम सिग्नल. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर पार्किंग लागते, तिथून तुम्ही गाडी काढता आणि फाटकातून रस्त्यावर येता. हा टप्पा तुमच्या यादीत नाही. ती स्कूटर तिथेच उभी आहे.

तुमचा सराव खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. साक्षीभाव ही वेदान्तातली खरी पायरी आहे. रूप डोळ्यांना दिसते, डोळ्यांचे व्यापार मनाला कळतात आणि मनातल्या साऱ्या घडामोडी साक्षीला कळतात, या क्रमाने जो पाहतो आहे त्याला पाहिल्या जाणाऱ्या गोष्टींपासून वेगळे काढणे फार जुन्या काळापासून शिकवले गेले आहे, आणि ज्याचे मन सतत कशात ना कशात अडकलेले असते त्याला त्याने मोठा दिलासाही मिळतो. परंतु इथवर पाहणारा एक आणि पाहिलेले दुसरे, असे दोन शिल्लक आहेतच. तिथेच मुक्काम ठोकून त्याला अद्वैत म्हणणे मला मान्य नाही. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचे उत्तर पाठवले. त्यात ते पुन्हा पुन्हा हेच सांगतात की द्रष्टा (पाहणारा), दृश्य (पाहिलेले) आणि दर्शन (पाहणे) ही तिन्ही एकाच तत्त्वाची रूपे आहेत. दृश्यापासून दूर सरकून सुरक्षित जागी उभे राहा, असे त्यात सांगितलेले नाही.

तुम्ही मात्र दूर सरकता. ‘कोण पाहते आहे?’ हा प्रश्न तुम्ही दुःखाची चाहूल लागताच विचारता, आणि त्याचे उत्तर शोधण्यापेक्षा त्या जागेवरून निघून जाण्यासाठी तो वापरता. सव्वा वर्षात ती हालचाल इतकी सफाईदार झाली आहे की तुम्हाला ती शांती वाटते. मला ती शांती वाटत नाही, आणि हे मी तुमच्याविषयीच्या काळजीनेच लिहिते आहे.

तुम्ही नाशिकचे आहात, त्र्यंबकेश्वर तुम्हाला दूर नाही. तिथे निवृत्तिनाथांची समाधी आहे. निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ होते आणि गुरूही होते. ज्या अद्वैताचा आपण विचार करतो आहोत ते ज्ञानेश्वरांना त्यांच्याकडूनच मिळाले. १२९६ साली आळंदीला धाकट्या भावाने समाधी घेतली, त्या वेळची निवृत्तिनाथांची अवस्था नामदेवांच्या अभंगांत आली आहे. किती समजूत घातली तरी मन राहत नाही आणि बांधलेल्या तळ्याचा पाट फुटून पाणी बारा वाटांनी धावावे तसे झाले आहे, असे तिथे निवृत्तिनाथ म्हणतात. हे शिष्याच्या तोंडी नाही, गुरूच्या तोंडी आहे. त्यांच्या ज्ञानात त्यामुळे उणेपणा आला असे वारकरी परंपरेने सातशे वर्षांत कधी मानले नाही. त्यांनी भावासाठी शोक केला आणि त्यांचे अद्वैत शाबूत राहिले. मग तुम्हीच कोरड्या डोळ्यांनी का राहायचे?

उद्या सकाळी लिफ्टमधला सराव सोडून द्या. खाली या, स्कूटरवरचे कव्हर काढा आणि हँडलच्या मुठीवर हात ठेवा. दीड वर्षाची धूळ तळहाताला लागेल, रबराचा चिकटपणा जाणवेल, घशात काहीतरी घट्ट होईल. याच क्षणी तुम्ही सवयीने मागे सराल. त्या वेळी नेहमीचा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी एवढेच पाहा, की घशातला हा आवंढा आणि तो जाणणारा यांच्यामध्ये अंतर किती आहे. विचार करून उत्तर काढायचे नाही, खरोखर शोधायचे. आवंढा कुठे संपतो आणि जाणणे कुठे सुरू होते, ती हद्द सापडते का ते पाहायचे. ती सापडत नाही. हे मी सांगते म्हणून मानू नका, तिथे उभे राहून पाहा. अर्धे मिनिट पुरे. डोळे भरून आले तर रुमालाने पुसा, गाडी काढा आणि कामावर जा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिले तर पाहू द्या.

परवा पुन्हा तिथेच उभे राहा. तेरवाही. एखाद्या दिवशी सीटखालची डिकी उघडा. त्याचा रेनकोट असेल, पुसायचे फडके असेल, पीयूसीचा मुदत संपलेला कागद असेल. ते सगळे बाहेर काढून हातात घ्या. तिबेटी बौद्धांच्या झोगचेन या ध्यानपरंपरेत थोडा वेळ पण पुष्कळदा, असाच सराव सांगितला आहे. त्यामागचा हेतू असा की ही जाणीव रोजच्या प्रत्येक व्यवहारात मिसळून जावी. तुम्ही दिवसातल्या सोयीच्या तेवढ्या जागा निवडल्यात आणि सर्वांत जड जागा गाळलीत. चहाच्या कपाशी केलेल्या सरावाची परीक्षा या मुठीशीच होणार आहे, म्हणून काही दिवस बाकीच्या जागा बाजूला ठेवल्यात तरी चालेल.

पत्नी ताटावरून का उठून गेली, हे तुम्ही मला विचारलेले नाही. तो दीर तिच्याही घरात राहत होता, तिच्या हातचे जेवत होता, आणि त्याच्यासाठी रडायला तिला घरात जोडीदार उरलेला नाही. मुलीचेही तेच. त्यांना तुमच्याकडून तत्त्वज्ञान नको आहे.

स्कूटर विकायची की ठेवायची हे आत्ता ठरवू नका. डिकी रिकामी झाली की तिघे मिळून ठरवा. आणि त्या वेळी ‘धाकटा’ म्हणू नका. पत्रात तुम्ही पत्नीचे नाव लिहिले होते, मुलीचेही लिहिले होते. ती मी छापलेली नाहीत. भावाचे मात्र तुम्ही कुठेच लिहिले नव्हते. ताटावर बसलात की त्याचे नाव घेऊन बोला.