आकड्यामागचं कारण शोध

प्रिय मित्रा,

एकात्मिक आणि कार्यात्मक पोषण, म्हणजे त्रासामागचं कारण शोधून त्यानुसार आहार ठरवणं, शिकायचं ठरवलंस, मनापासून आनंद झाला. कोर्स कुठला करावा, हे नंतर बघू. आधी शरीरक्रियाशास्त्र आणि जैवरसायन पक्कं कर. पचनसंस्था तर पुन्हा पुन्हा वाच.

का, ते सांगते. समजा कुणी म्हणालं, "सारखं गळून गेल्यासारखं वाटतं." हिमोग्लोबिन ठीक आहे. पण तेवढ्यावरून लोह पुरेसं आहे असं समजू नकोस. आधी साठा आटतो, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. साठा कळतो फेरिटिन या रक्तातल्या प्रथिनावरून, आणि अंगात दाह (आतली सूज) असला की फेरिटिन वाढतं, कमतरता झाकली जाते. म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्तचाचणी, बघायची. बी-१२ कमी निघालं, तर "आहारात कमी पडलं" म्हणून मोकळं होऊ नकोस. ते शोषलं जायला जठरात तयार होणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन लागतं, आणि शोषण होतं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असल्या तरी ते घटू शकतं. आकडा एकच, कारणं वेगवेगळी. ती हुडकणं हाच या विषयाचा गाभा आहे.

म्हणून पहिल्या भेटीत घाई नको. आजारपणं, औषधं, झोप, पाळी, ताण, सगळं काळाच्या क्रमाने लिहून काढ. त्रास सुरू व्हायच्या आधी काय घडलं होतं, हे जरूर विचार. आहाराच्या नोंदीत चहा-कॉफीची वेळही हवी. जेवणाबरोबर घेतली की लोहाचं शोषण कमी होतं.

मला खरी काळजी वाटते ती महागड्या चाचण्या आणि सप्लिमेंट्सच्या बाजाराची. आयजीजी फूड टेस्ट, म्हणजे वेगवेगळ्या अन्नांविरुद्धच्या रक्तातल्या अँटिबॉडी मोजणारी चाचणी, तिच्यावरून कुणाचं ताट रिकामं करू नकोस. त्या अँटिबॉडी बहुतेकदा ते अन्न खाण्यात आहे, एवढंच दाखवतात. सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका असेल, तर तपासणी होईपर्यंत ग्लुटेन बंद करायला लावू नकोस, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. बायोटिन या बी-गटातल्या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने थायरॉइडचे आकडे फसवे येऊ शकतात. रक्ताची गुठळी रोखणारं वॉरफरिन घेणाऱ्याच्या आहारात व्हिटॅमिन के अचानक वाढवणं धोक्याचं आहे. औषधांचा डोस बदलणं डॉक्टरांचं काम, तिथे हात घालायचा नाही.

आता एक कर. ओळखीतल्या कुणाची परवानगी घेऊन, नाव न लिहिता, त्यांची सगळी हकीकत क्रमाने मांड आणि मला पाठव. खाली सल्ला लिहू नकोस, तुला पडलेले प्रश्न तेवढे लिही. त्यावरून पुढचं बोलू.

तुझी,
ताई