कुकरला भात शिजलेला कळत नाही, पाणी संपलेलं कळतं

इलेक्ट्रिक राइस कुकरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी जे पुन्हापुन्हा विचारले गेले, ते इथे घेतले आहेत.

प्रश्न : एक कप तांदळाला दोन कप पाणी हे माझं कायमचं प्रमाण. एका कपाचा भात जरा मऊ होतो, पण खाता येतो. पाहुणे आले म्हणून चार कपांचा लावला तर पार गिचका झाला. प्रमाण तर तेच होतं!

प्रमाण तेच ठेवलं, तिथेच घोळ झाला. धुतलेला पांढरा तांदूळ साधारण आपल्या मापाइतकंच पाणी पितो, म्हणजे कपाला कपभर. त्यावर आपण जे जास्तीचं घालतो ते वाफ होऊन जाण्यासाठी. आणि वाफ किती जाईल हे तांदळावर फारसं ठरत नाही. ते झाकण किती घट्ट बसतं आणि भात किती वेळ उकळतो यावर ठरतं. घरगुती कुकरमध्ये ही घट अर्धा कप धरून सुरुवात करा. म्हणजे एका कपाला दीड कप, पण चार कपांना साडेचार ते पावणेपाच. तुम्ही आठ घातले. ते सगळं जिरेपर्यंत कुकर शिजवतच राहिला, कारण त्याला दुसरं काही कळतच नाही.

हे कसं, ते एकदा समजून घ्या. पुढची बरीच उत्तरं त्यातच आहेत. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळाचं तापमान 100 अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. पाणी जिरलं की ते झपाट्याने चढतं. साध्या, एका बटणाच्या कुकरमध्ये तळाशी मधोमध स्प्रिंगवर बसवलेलं एक गोल बटण असतं. त्यातल्या धातूचं चुंबकाला चिकटणं 100 च्या थोडं वर गेल्यावर सुटतं, स्प्रिंग खटका ओढते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. 1955 मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीने बाजारात आणलेल्या स्वयंचलित कुकरचं तत्त्वही हेच होतं. त्यात दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यातलं मोजून घातलेलं पाणी सुमारे 20 मिनिटांत आटलं की तापमान चढून वीज तुटायची. तो कुकर घडवणारे योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुन्हापुन्हा भात शिजवून ही वेळ बसवली. कुकरचा इतिहास सांगताना त्यांचं नाव गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : कुकरसोबत आलेला कप हरवला. घरातला मापाचा कप चालेल का?

चालेल, पण तांदूळ आणि पाणी दोन्ही त्याच कपाने मोजा. कुकरचा कप बहुधा 180 मिलीचा असतो, तर स्वयंपाकघरातला कप 240 किंवा 250 मिलीचा. भांड्याच्या आतल्या रेघा 180 च्या कपाच्या हिशोबाने आखलेल्या असतात. मोठ्या कपाने दोन कप तांदूळ घेऊन ‘2’ च्या रेघेपर्यंत पाणी भरलं तर भातात कणी राहणारच.

प्रश्न : कुकर नवा होता तेव्हा भात छान व्हायचा. हल्ली एका बाजूला करपतो, दुसरीकडे कणी राहते. कधी खटका दहा मिनिटांतच पडतो. बिघडला का?

दुरुस्तीला नेण्याआधी आतलं भांडं काढून उलटं धरा. तळाला एखादा तपकिरी, नखाएवढा डाग दिसतोय का? मग तापणाऱ्या तबकडीवर बोट फिरवा (प्लग काढून, गार झाल्यावर). बहुतेकदा तिथे करपून टणक झालेलं एखादं शीत सापडतं. त्या एका शितामुळे भांडं केसभर उचललं जातं, तबकडीला सगळीकडून टेकत नाही आणि उष्णता एकाच जागी साचते. मधलं बटणही भांड्याला नीट टेकत नाही, मग ते तबकडीच्याच उष्णतेने तापून वेळेआधी सुटतं. ओल्या फडक्याने शीत मऊ करून काढा, तबकडी पूर्ण कोरडी करा. भांडं आत ठेवण्याआधी त्याचा तळ दर वेळी पुसा आणि बसवल्यावर थोडं डावी-उजवीकडे फिरवा. तांदूळ त्याच भांड्यात धूत असाल तर आपटून तळाला पोचे पडले नाहीत ना, तेही पाहा. मी तांदूळ नेहमी वेगळ्या पातेल्यात धुते.

आणि खटका पडल्या पडल्या झाकण उघडू नका. दहा-पंधरा मिनिटं वाफ मुरू द्या. वरचे दाणे कोरडे आणि तळचे ओले असतात, ते या वेळात सारखे होतात. मग भातवाढीने तळापासून हलक्या हाताने मोकळा करा.

प्रश्न : झाकणाच्या भोकातून फेस येऊन ओट्यावर पाणी उतू जातं.

तांदळाला चिकटलेलं पीठ पाण्यात उतरून हा फेस होतो. धुवण जवळजवळ नितळ येईपर्यंत धुवा, चमचाभर तेल घाला आणि भांडं गळ्याशी भरू नका.

प्रश्न : रात्रीचा भात सकाळपर्यंत कुकरमध्येच राहिला तर खावा का?

‘वॉर्म’ (शिजल्यावर भात गरम ठेवण्याची सोय) सुरू होतं की बंद, यावर सगळं अवलंबून आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळण्यानेही मरत नाहीत. भात 60 अंशांच्या खाली कोमट राहिला की त्यातून जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं त्यांचं विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून ‘वास तर येत नाहीये, कडकडीत तापवून खाऊ’ हा विचार सोडून द्या. चांगला कुकर ‘वॉर्म’वर 60 च्या वर राहतो, तिथे काही तास भात ठेवायला हरकत नाही, जास्त वेळात तो सुकून पिवळट होतो. धोका आहे तो कुकर बंद करून झाकण तसंच ठेवण्यात, किंवा रात्री वीज गेली असेल तर त्यात. जाड भांड्यात भात तासन् तास कोमट राहतो. असा भात टाकून द्या, अन्न टाकताना जीव तुटला तरी. उरणारच असेल तर जेवण झाल्यावर पसरट ताटात पातळ पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून संपवा.

प्रश्न : हातसडीचा तांदूळ कच्चाच राहतो.

कोंड्याच्या थरातून पाणी हळू आत जातं. दोन तास भिजवा, कपाला पावणेदोन ते दोन कप पाणी घाला. इथे जास्तीचं पाणी हवंच, कारण त्यानेच खटका उशिरा पडतो आणि शिजायला वेळ मिळतो.

प्रश्न : आतल्या भांड्याच्या नॉनस्टिक लेपावर ओरखडे आलेत. विषारी वायू निघेल का?

भात शिजताना नाही. हे लेप त्याहून खूपच जास्त तापमानाला विघटित होतात आणि कुकर 100 च्या थोडं वर गेला की थांबतो. पण लेप सोलवटायला लागला असेल तर भांडं बदला, कुकर नवा घ्यायची गरज नाही, आतलं भांडं बऱ्याचदा सुटं मिळतं. नव्या भांड्यात धातूचा चमचा घालू नका आणि तळाला खरपुडी धरली तर खरवडू नका. कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवा, ती आपोआप सुटते.