युद्धाचा मुलांच्या भावनिक शिक्षणावर काय परिणाम होतो? आंतरराष्ट्रीय मध्यस्थीला त्यात काही करता येतं का?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मी बोस्नियाच्या आधारे देते, कारण तिथे ते एकमेकांत पार गुंतले आहेत. 1990 च्या दशकात या देशात बोस्नियाक (मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब समाजांमध्ये युद्ध झालं.

भीती, राग, विश्वास या गोष्टी मूल मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघून शिकतं. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषक लंडनमध्ये मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवत होत्या. बॉम्बहल्ल्यांपेक्षा आईपासूनची ताटातूट लहानग्यांना जास्त हादरवते, असं त्यांना दिसलं. बोस्नियाची राजधानी सारायेवोला 1992 ते 1996 अशी जवळपास चार वर्षं वेढा पडला होता. रस्त्यावर स्नायपर, म्हणून शिक्षकांनी मुलांच्या वस्तीतच, तळघरांत आणि इमारतींच्या जिन्यांत वर्ग भरवले. त्यात अभ्यास किती झाला हे मला दुय्यम वाटतं. ओळखीच्या बाई येतात, नावाने हाक मारतात, काल राहिलेलं गणित पुढे सुरू करतात. सगळं काही कोसळलेलं नाही, हे मुलाला कळायला तेवढं पुष्कळ असतं.

वेढ्यात शिकलेली भीती त्या वेळी योग्यच असते. आवाज झाला की जमिनीवर आडवं होणारं मूल शहाणंच म्हणायचं. खरी परीक्षा युद्ध थांबल्यावर येते. पलीकडच्या समाजातल्या मुलावर पुन्हा विश्वास टाकायला शिकायचं, तर तो मुलगा रोज समोर दिसायला हवा, त्याच्याशी भांडण व्हायला हवं आणि ते मिटायलाही हवं.

मध्यस्थांचा संबंध नेमका इथे येतो. 1995 मध्ये अमेरिकेत डेटन इथे अमेरिकी मुत्सद्दी रिचर्ड होलब्रुक यांच्या पुढाकाराने समझोता झाला आणि कत्तल थांबली. हे यश फार मोठं आहे, ते कमी लेखणं मला पटत नाही. पण त्या कराराची परिशिष्टं बघा. सैन्य, सीमारेषा, निवडणुका, निर्वासित, इतकंच काय, राष्ट्रीय स्मारकांसाठीही स्वतंत्र परिशिष्ट आहे. शाळांसाठी नाही. शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत नोंदला गेला, पण शाळा कोण चालवणार हा अधिकार केंद्राकडे आलाच नाही. देशाच्या दोन भागांपैकी एक असलेल्या बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनमध्ये तर तो दहा कँटनांकडे, म्हणजे प्रांतांकडे, गेला.

त्यातून ‘एका छपराखाली दोन शाळा’ उभ्या राहिल्या. इमारत एकच, पण बोस्नियाक आणि क्रोएट मुलांची दारं वेगळी किंवा पाळ्या वेगळ्या. अभ्यासक्रम वेगळे, इतिहासाची पुस्तकंही वेगळी. ट्राव्निक शहरात तर एकाच इमारतीच्या दोन भागांमध्ये कुंपण आहे. युद्धानंतर जन्मलेलं, एकही गोळी न ऐकलेलं मूल रोज त्या कुंपणाजवळून वर्गात जातं आणि पलीकडच्यांपासून लांब राहायचं असतं हे कुणी न सांगता शिकतं. मला हे बॉम्बइतकंच गंभीर वाटतं.

यायत्से गावातल्या मुलांनी मात्र हे मानलं नाही. 2016 मध्ये तिथे बोस्नियाक मुलांसाठी वेगळं माध्यमिक विद्यालय काढायचं घाटत होतं. दोन्ही समाजांची मुलं एकत्र रस्त्यावर उतरली आणि पुढच्या वर्षी तो बेत गुंडाळावा लागला. अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरच्या कामासाठी दिला जाणारा 2018 चा माक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार या विद्यार्थ्यांना मिळाला.

तेव्हा मध्यस्थीला काही करता येतं का? येतं, पण सह्या होण्याआधी. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधलं युद्ध थांबवण्यासाठी झालेल्या 1999 च्या लोमे करारात बालसैनिकांसाठी वेगळं कलम होतं. अशा मुलांचा संशोधक थेरेसा बेटनकोर्ट यांनी 2002 पासून अनेक वर्षं पाठपुरावा केला. घरच्यांनी आणि गावाने ज्यांना सामावून घेतलं, ती मुलं अधिक सावरली, असं त्यांना आढळलं. म्हणून शाळा कुणाच्या ताब्यात, मुलं एकत्र बसणार की नाही, पुस्तकं कोण लिहिणार, हे मुद्दे शस्त्रसंधीच्या टेबलावरच ठरवून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. सह्या झाल्यावर हे कुणालाच घाईचं वाटत नाही. बोस्नियातल्या स्टोलात्स आणि चाप्लिना इथल्या शाळांमधली विभागणी भेदभावच आहे, असं फेडरेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटलं, म्हणजे डेटननंतर एकोणीस वर्षांनी. आणि त्यानंतरही त्या निकालाची अंमलबजावणी रखडलीच.