वाशीच्या कॉलेजात वादविवाद आहे: भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवणं योग्य होतं का? विरोधात काय मांडू?

पैशांपासून सुरुवात करू नका, उद्दिष्ट कसं बदललं तिथून करा. 29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारानुसार सेना तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायला गेली. ऑक्टोबरात तीच उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या गल्ल्यांत, पेरलेल्या सुरुंगांतून एलटीटीईशी, म्हणजे वेगळं तमिळ राष्ट्र मागणाऱ्या सशस्त्र संघटनेशी, लढत होती. मार्च 1990 मध्ये परतेपर्यंत सुमारे 1,200 जवान गेले. त्यात श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी 1989 मध्येच सैन्य मागे घ्या म्हटलं होतं. यजमानाची संमती संपली की समर्थन कशावर उभं राहणार? तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

समोरचे श्रीलंकेतलं मोक्याचं त्रिंकोमाली बंदर आणि तमिळनाडूत आलेले निर्वासित काढतील. नाकारू नका, प्रांतांना अधिकार देणारी श्रीलंकेची 13वी घटनादुरुस्तीही त्याच करारातून आली. पण ती करारामुळे, लढाईमुळे नाही, हा फरक ठासून सांगा. खर्चात जखमी जवानांची पेन्शन, उपचारही धरा. बहुतेक जण ते विसरतात.