स्वतःच शिकलेल्या कापडकामावर नाशिकमध्ये घर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातपूरला नोकरी आहे, वय 31. गोधडीकाम आजीकडून आणि रंगकाम व्हिडिओ बघून शिकलात, कलाशाळेचा कागद नाही. गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टने 350 रुपये नगाने उशांचे 30 अभ्रे मागितलेत. आता नोकरी सोडावी का?

आत्ता नको. मी इंदिरानगरला राहते, अकरा वर्षं हेच काम करते आणि त्यातली पहिली चार अर्धवेळ हिशेबनिशी करत काढली.

कागदाचं आधी संपवून टाकते. तो कुणी विचारत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या बायका आईकडून, आजीकडून शिकून जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या गोधड्या भिंतीवर लागल्या. पण नाव झाल्यावर पैशांवरून त्यांतल्या काहींना 2007 मध्ये कोर्टात जावं लागलं, तेव्हा व्यवहार लेखी करायची सवय आतापासूनच लावा.

स्वतः शिकलेल्याची खरी अडचण वेगळी असते. चुकतंय हे वेळेवर सांगायला डोक्यावर कुणी नसतं. माझ्या दोन चुका सांगते, दोन्ही महागात पडल्या.

पहिली गोधडी विकली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. सात फूट बाय पाच, बारीक धावदोरा, दोन ओळींत अर्धा इंच अंतर. अडीच हजार मिळाले. घरी पेढे आणले. भाच्याने सहज विचारलं, मावशी, वेळ किती लागला? टाका घालताना मालिका बघायचे, त्यामुळे भागांवरून हिशेब लागला: 84 तास. दोरा, अस्तर, आतलं कापड मिळून 900 खर्च. त्याने मोबाइलवर भागाकार करून दाखवला, तासाला 19 रुपये. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी त्या दरात दारातही उभ्या राहिल्या नसत्या.

त्या दिवसापासून वही ठेवली. कापड बेतणं, जोडणं, टाके, इस्त्री, फोटो, कुरिअरची रांग, सगळ्याचे तास लिहायचे. फोटो नि कुरिअरमध्ये किती वेळ जातो ते बघून डोळे पांढरे होतात. मी 120 रुपये तासाने सुरुवात केली, पुढे दर हळूहळू वाढवत नेला. दुकानात ठेवायला दिलेल्या मालावर मला तीस ते चाळीस टक्के सोडावे लागले, म्हणून तो कट धरूनही परवडेल अशीच किंमत लावा. आणि तीच किंमत घरी येणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगा, नाहीतर दुकानदार पुन्हा दारात उभं करणार नाही.

दुसरी चूक रंगाची. लासलगाव जवळ, कांद्याची टरफलं पोत्याने फुकट, आणि तुरटीत भिजवलेल्या सुती कापडावर त्यांचा रंग सोन्यासारखा चढतो. मी हरखून गेले. कॉलेज रोडच्या एका घरासाठी भिंतीवर लावायचं मोठं काम त्याच रंगात केलं. त्यांची बैठक पश्चिमेकडची. पुढच्या उन्हाळ्यात फोन आला, ‘ताई, येऊन बघून जा.’ पडद्याच्या आड राहिलेली एक पट्टी तेवढी सोनेरी, बाकी सगळं चहा सांडून धुतल्यासारखं. पैसे परत देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, पण नवीन काम करून द्यावं लागलं. दोन महिने गेले.

आता प्रत्येक रंगाची वितभर पट्टी पुठ्ठ्याला लावते, अर्धी झाकते, सहा आठवडे पश्चिमेच्या खिडकीत ठेवते. मग झाकलेला भाग उघडून शेजारच्याशी ताडून बघायचा. हळद नापास, ती उन्हात टिकतच नाही. डाळिंबाची साल बरीच टिकते, तिच्यात तुरटपणा भरपूर असतो, आणि कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या कसमादे पट्ट्यात डाळिंबाला तोटा नाही. सुती कापड असेल तर आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढा, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवा, मग तुरटी द्या. मी कापडाच्या वजनाच्या साधारण 15 टक्के तुरटी घेते. हिरडा गाळला की सुतावर तुरटी नीट धरत नाही. हे मला कुणी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं!

पैसा कुठून येतो ते आता. प्रदर्शनात लोक तोंड भरून कौतुक करतात आणि दोनशेची थैली घेऊन जातात. भिंतीवरची कामं वर्षाला चार-पाच विकली जातात, त्यांच्यावर नाव होतं, घर चालत नाही. बारशाला द्यायची दुपटी बारा महिने जातात. पण माझं घर ज्यावर उभं आहे ते काम मी शोधलेलं नव्हे, ते आपणहून दारात आलं.

एक बाई आईच्या पाच साड्या घेऊन आल्या. आई जाऊन वर्ष झालं होतं. बोहारणीला द्यायला हात होईना, नेसायला मन होईना. एका साडीवर पदराजवळ हळदीचा डाग होता. मी म्हटलं, हा तुकडा काढून टाकू. त्या म्हणाल्या, ‘तोच मधोमध घ्या.’ घेतला. त्या गोधडीचे मी पूर्ण तासांचे पैसे सांगितले, आणि त्यांनी घासाघीस केली नाही. आईच्या साड्यांची तुलना कोण कुठल्या दुकानाशी करणार? त्यांच्या बहिणीने मागितली, मग शेजारणीने. आज माझी निम्म्याहून जास्त कमाई अशा कामांची आहे. कापड त्यांचं असल्याने माझा पैसाही अडकत नाही. फक्त कात्री लावण्याआधी फोटो काढून लेखी होकार घ्या, कापलेली साडी परत जोडता येत नाही.

सरकारी बाजू पटकन सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट असते, तिचे पैसे मागणाऱ्याला हाकलून द्या. हस्तकला आयुक्त कार्यालयाचं पहचान कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र, काढून ठेवा, सरकारी मेळाव्यांत गाळा मागताना उपयोगी पडतं. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. बाहेर पाठवायचं झालं की सीएला विचारा.

नोकरीचं माझं मोजमाप असं होतं: सलग बारा महिन्यांची सरासरी घरखर्चाएवढी, आणि बँकेत सहा महिन्यांचा खर्च बाजूला. पावसाळा त्या बारा महिन्यांत धरायचाच. जुलै-ऑगस्टमध्ये कापड वाळत नाही आणि गिऱ्हाईकही फिरकत नाही.

राहिला रिसॉर्ट. तुम्ही लिहिलंय, एका अभ्र्याला पाच तास आणि 130 रुपयांचं सामान. म्हणजे 350 मध्ये तुम्हाला तासाला 44 पडतात. नाही म्हणू नका, नमुना बदला. जोडणी मशीनवर करा, हाताचा टाका फक्त काठाला ठेवा, काम दोन तासांवर येईल. 120 च्या दराने 370 होतात, तुम्ही 450 सांगा. नमुन्याच्या अभ्र्याचेही पैसे घ्या. तीस नगांचे 13,500, त्यातले निम्मे हातात आल्याशिवाय कापड आणायला जाऊ नका. आणि रिसॉर्टचे अभ्रे रोज धुलाईला जातात हे लक्षात ठेवून तिथे कांद्याचा रंग मुळीच वापरू नका.